आयत्या पिठावरील रेघोट्या

दुसऱ्यानें दळून-चाळून ठेविलेल्या पिठावर जो नुसतें बोट फिरवितो त्यास आपल्या भाषेंत मान नाहीं. ‘आयत्या पिठावर रेघोट्या ओढणें’ हा वाक्प्रचार कोणाची स्तुति करण्याकरितां वापरलेला आम्हीं तरी ऐकिला नाहीं. आयत्या बिळावरचा नागोबाहि त्याच पंक्तीचा. तेव्हां हल्लीं मोठ्या शहरांतील दुकानांत तयार मळलेलें, लाटलेलें व गोठवून ठेविलेलें पीठ विकत मिळूं लागलें, आणि त्यावर लोणी, साखर व दालचिनीची पूड पसरून मुलें अर्ध्या तासांत भाजलेला खाऊ तयार करूं लागलीं, हें पाहून पुष्कळ पालकांच्या कपाळास आंठ्या पडाव्या यांत नवल नाहीं. ‘पीठ दुसऱ्यानें मळलें, यंत्रानें लाटलें, विजेच्या भट्टीनें भाजलें; मग मुलानें केलें तें काय?’ असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे.

आमचें मत थोडक्यांत सांगावयाचें तर असें आहे कीं, कणीक आयती असली तर फारसें बिघडत नाहीं. खाऊ आयता हातांत पडला म्हणजे बिघडतें. ज्या मुलानें आजवर पिठास हात लाविला नाहीं त्याच्याकरितां आयतें पीठ ही पहिली पायरी होय. त्या पायरीवर त्यानें कायमचें बसूं नये हें खरें. परंतु ती पायरीच काढून टाकिली तर तो अंगणांतच उभा राहील.

प्रथम हें आयतें पीठ आलें कोठून तें पाहूं. अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत लुइव्हिल या शहरीं लाइव्हली विलोबी नांवाचा एक बेकरीवाला होता. कच्च्या पिठाचे गोळे डब्यांत बंद करून थंड जागीं टिकविण्याची युक्ति त्यानें शोधून काढिली व १९३१ सालीं तिचें पेटंट मिळविलें. बॅलर्ड अँड बॅलर्ड या पिठाच्या कंपनीनें ती युक्ति उचलली, आणि पुढें १९५१ सालीं ही कंपनी पिल्सबरी या मोठ्या कंपनीनें विकत घेतली. डबा उघडावा, गोळे ताटलींत मांडावे, साखर-दालचिनी भुरभुरावी व भट्टींत सरकवावे, हा प्रकार त्या देशांत घरोघर रूढ झाला. स्वीडन देशांत तर दालचिनीच्या गोड पावास इतका मान आहे कीं, १९९९ पासून ४ ऑक्टोबर हा दिवस त्याच्या नांवानें पाळला जातो. घरीं भाजण्याची संवय लोकांत टिकावी म्हणून झटणाऱ्या एका मंडळानेंच तो दिवस सुरू केला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

हें सर्व दूरदेशचें झालें. शिरूर-दौंडकडील घरांस त्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु किंचित् विचार केल्यास असें दिसेल कीं, आयतें पीठ आपल्याहि घरांत रोज असतें. सकाळीं आईनें पोळ्यांसाठीं भिजविलेल्या कणकेचे दोन-चार गोळे डब्यांत झांकून ठेविलेले असतात. मुलाच्या दृष्टीनें ती आयतीच कणीक. गांवच्या बेकरींत खारीसाठीं पदरापदरानें लाटलेलें पीठ असतें; ओळखीनें मागून पाहिल्यास तें कच्चेंहि मिळूं शकतें. आणि आयत्या भट्टीचा लाभ घेणें हेंहि आपणांस नवीन नाहीं. सणाच्या आधीं घरचा मैदा, रवा, तूप व पिठीसाखर पिशवींत घालून बेकरीवर न्यावयाची, तेथें आपल्या पाळीची वाट पाहत बसावयाचें, नानकटाई करवून घ्यावयाची व पत्र्याचा डबा भरून घरीं आणावयाचा, ही चाल महाराष्ट्रांतील किती तरी कुटुंबांत चालत आली आहे. दिवाळीस ती जशी हिंदु घरांत, तशी नाताळांत आमच्या ख्रिस्ती घरांतहि. करंज्या-शंकरपाळ्यांच्या शेजारींच तो डबा मांडलेला असतो. त्या नानकटाईस ‘घरची’ म्हणतांना कोणाची जीभ अडखळत नाहीं. मग मुलानें आयत्या कणकेवर केलेल्या खाऊसच ‘घरचा’ म्हणण्यास आपण कां कचरावें?

ज्या भट्टीच्या पदार्थांस आपण आज इतक्या सहजपणें आपले म्हणतों त्यांस एके काळीं उंबऱ्याच्या आंत थारा नव्हता, हेंहि विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. पाव आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला व गोव्याच्या पोदेरांनीं तो मुंबईंत पसरविला. तो खाल्ला म्हणजे मनुष्य बाटला, अशी समजूत होती. १८४९ सालीं मुंबईंत निघालेल्या परमहंस सभेंत शिरणाऱ्यास पावाचा तुकडा खाऊन आपण जातिभेद मानीत नसल्याची साक्ष पटवावी लागे. आज तोच पाव मिसळीबरोबर सर्व जण एका बाकावर बसून खातात. म्हणून कोणत्याहि वस्तूची परीक्षा ‘ही नवी आहे’ एवढ्यावरून करूं नये, आणि ‘ही नवी आहे’ एवढ्यावरून ती डोक्यावरहि घेऊं नये.

मग परीक्षा करावी कशी? जात्याचें उदाहरण घ्या. आपल्या आज्या-पणज्या पहांटे उठून दळीत व दळतांना ओव्या गात. हेमा राईरकर व गी प्वातवां यांनीं पुणें जिल्ह्यांतील व इतर ठिकाणच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तें धन अमोल आहे. पुढें गांवोगांव पिठाची गिरणी आली व पीठ आयतें झालें. ओव्या मागें पडल्या याचें दुःख खरें; परंतु गिरणीनें बायकांस पहांटेची झोंप परत दिली, हेंहि तितकेंच खरें. तेव्हां आयती वस्तु पुढें आली कीं दोन प्रश्न विचारावे. तिनें वांचविलेले कष्ट कोणाचे? आणि वांचलेला वेळ गेला कशांत? गिरणी या परीक्षेंत उतरली. आयत्या कणकेचीहि परीक्षा हीच.

आपल्या भागाची स्थिति पाहा. दौंड हें रेल्वेचें मोठें जंक्शन. तेथील कित्येकांचे वडील गाड्यांच्या वेळेप्रमाणें कामावर जातात. कुरकुंभच्या व रांजणगांवच्या कारखान्यांत पाळ्या चालतात. पुष्कळ घरीं आईहि नोकरी किंवा शेतांतील काम आटोपून दिवेलागणीस परतते. शाळा सुटल्यापासून तोंपर्यंतचा जो तास-दीड तास, त्यांत मुलाच्या मुठींत पांच-दहा रुपये असतात व कोपऱ्यावरच्या दुकानांत रंगीत पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात. पुडी घ्यावी, फोडावी, खावी, फेंकून द्यावी, झाला खाऊ! त्यांत कष्ट नाहींत, ज्ञान नाहीं, आणि घरांतील दुसऱ्या कोणाची आठवणहि नाहीं. आमचा आक्षेप आहे तो या आयतेपणावर. याच तासांत, घरीं आजी किंवा दुसरें कोणी मोठें माणूस असतांना, तें मूल हात धुऊन कणकेचा गोळा हातीं घेईल व आपल्यासाठीं, धाकट्या भावंडांसाठीं आणि दमून येणाऱ्या आईसाठीं कांहीं भाजून ठेवील, तर ती कणीक कोणीं मळली होती हा प्रश्न आम्ही विचारणार नाहीं.

आतां कृति सांगतों. चार मोठे चमचे साखर व एक चहाचा चमचा दालचिनीची बारीक पूड, हें प्रमाण पांच माणसांस पुरतें. कणकेचे मोठ्या लिंबाएवढे चार गोळे घेऊन त्यांत दोन चहाचे चमचे तूप मळावें. पातळ पोळी लाटावी, तिजवर तूप चोपडावें, थोडें तांदुळाचें पीठ भुरभुरावें व वर साखर-दालचिनी सारखी पसरावी. पोळीची घट्ट वळकटी करून बोटाच्या जाडीचे तुकडे कापावे आणि प्रत्येक तुकडा तळहातानें हलकेच दाबावा. ज्यांनीं आईस चिरोटे करितांना पाहिलें आहे त्यांस ही रीत ओळखीची वाटेल. भेद एवढाच कीं, चिरोटे तळावयाचे आणि हे भाजावयाचे. तूप लाविलेल्या ताटलींत ते सुटे सुटे मांडून १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या भट्टींत १५ ते १८ मिनिटें ठेवावे. कडा तांबूस झाल्या कीं काढावे. खारीचें पीठ मिळालें तर त्याच्या दोन बोटें रुंद पट्ट्या कापाव्या, साखर-दालचिनी लावावी, दोन्ही टोकें धरून पीळ द्यावा व २०० अंशांवर १२ ते १५ मिनिटें भाजावें.

घरीं विजेची भट्टी नाहीं म्हणून कोणी हिरमुसूं नये. प्रेशर कुकरची शिट्टी व रबरी कडें काढून ठेवावें, तळाशीं दोन वाट्या जाड मीठ पसरून त्यावर एक उपडी वाटी ठेवावी, झांकण ठेवून दहा मिनिटें तापूं द्यावें, मग ताटली आंत ठेवून मंद आंचेवर सुमारें २५ मिनिटें भाजावें. पाणी मुळींच घालूं नये. पूर्वीं पातेल्याच्या झांकणावर निखारे ठेवून वरखालीं आंच देत, त्याच तत्त्वाची ही नवी आवृत्ति होय. तापलेली ताटली आंत ठेवितांना व बाहेर काढितांना मोठें माणूस जवळ असलेंच पाहिजे.

हें करीत असतां विज्ञानाचा पाठ आपोआप होतो. खारीचे पदर फुगतात ते कशानें? पिठाच्या दोन थरांमध्यें स्निग्धाचा थर असतो. आंतील पाण्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मूळच्या सोळाशें पटींहून अधिक जागा व्यापते. तिला बाहेर पडण्यास वाट नसल्यामुळें ती वरचा पदर उचलते. साखर वरून फार लाविली तर खाऊ करपतो व कडू होतो, कारण तीव्र आंचेंत साखर आधीं वितळते, मग तांबूस होते व शेवटीं जळते. म्हणून ती आंत अधिक व वर थोडी असावी. खमीर घालून फुगविलेल्या पिठांत दालचिनी मळीत नाहींत, पदरांमध्यें पसरितात, याचेंहि कारण आहे: दालचिनीच्या अर्कामुळें खमिराची वाढ मंदावते. पुस्तकांत हें वाचलेला विद्यार्थी परीक्षेपर्यंत तें ध्यानांत ठेवील. ज्याचा खाऊ एकदां करपला तो जन्मभर ठेवील.

भूगोल व इतिहासहि त्याच ताटलींत आहेत. दालचिनी हें नांव फारसी. त्याचा अर्थ ‘चीनचें लाकूड’. वस्तुतः ती एका झाडाची आंतील साल असून उत्तम दालचिनी लंकेंत होते. तिचे पातळ पापुद्रे एकांत एक गुंडाळलेले असतात. बाजारांत पुष्कळदां मिळते ती जाड, एकपदरी साल कॅशिया नांवाच्या दुसऱ्या जातीची असते. तींत कुमारिन हें द्रव्य अधिक असतें व तें फार झाल्यास यकृतास बाधतें, म्हणून चमच्याचें माप मोडूं नये. या सालीच्या व्यापाराकरितां पोर्तुगीज, डच व इंग्रज लंकेवर आळीपाळीनें चालून गेले. १५०५ सालीं पोर्तुगीज तेथें पोंचले, १६५८ पर्यंत डचांनीं त्यांस हांकून दिलें, व १७९६ सालीं डचांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. आज आपल्या कोंकणांतहि नारळाच्या बागेंत दालचिनीचीं झाडें लावितात. आपल्या घरांत मात्र ती मसाल्याच्या डब्यांत राहते. गोडास आपण वेलदोडा किंवा जायफळ घालतों. ज्यांस ही चव परकी वाटेल त्यांनीं खुशाल वेलदोडा घालावा. कृतीस त्यानें कमीपणा येत नाहीं.

साखर मात्र दूरची नव्हे. संस्कृतांतील शर्करा हा शब्दच देशोदेशीं फिरून इंग्रजींत शुगर झाला. आपल्याच शिरूर तालुक्यांत न्हावरें येथें घोडगंगा व दौंड तालुक्यांत पाटस येथें भीमा असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. दौंडकडे गुऱ्हाळेंहि पुष्कळ. या भागांतील उंसाच्या फडांत दर हिंवाळ्यांत बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून तोडणी कामगारांचीं कुटुंबें येतात. त्यांच्या मुलांची शाळा कित्येकदां हंगामभर बुडते, आणि आपल्या वयाचा एखादा मुलगा मोळ्या वाहतांना आपणांस रस्त्यावरून दिसतो. चमचाभर साखर भुरभुरतांना तो मुलगा आठवावा. आयतें तें फुकट नव्हे. कोणी तरी त्याची किंमत भरलेली असते. एवढी जाणीव ज्यास झाली तो ताटलींतील चुराहि वायां घालविणार नाहीं.

या लेखांत आम्हीं ठिकठिकाणीं ‘मूल’ हा शब्द योजिला आहे तो मुद्दाम. मुलींस कणीक मळण्यास कोणी उशिरां शिकविलें अशी तक्रार आमच्या कानीं आलेली नाहीं. आयत्या कणकेचा खरा उपयोग आहे तो मुलग्यांस. बारा-तेरा वर्षांच्या मुलग्यास एकदम पोळी करावयास बसविलें तर नकाशे निघतात, बहिणी हंसतात, आणि तो जो स्वयंपाकघरांतून पळतो तो लग्नापर्यंत, किंबहुना लग्नानंतरहि, तिकडे फिरकत नाहीं. त्याच्या हातून पहिल्याच दिवशीं खाण्यासारखा पदार्थ झाला तर तो दुसऱ्या दिवशीं आपण होऊन येईल. हातांच्या कामास हलकें मानूं नये हा धडा आपल्या भागास नवा नाहीं. दौंड तालुक्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत आश्रय दिलेल्या शेंकडों मुलींस व स्त्रियांस नुसतें अन्न दिलें नाहीं, तर विणकामापासून छापखान्यापर्यंत नाना उद्योग त्यांच्या हातीं दिले. १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण हा विचार मांडला. छापखाना बायकांस शोभतो हें जसें तेव्हां दाखवून द्यावें लागलें, तसें लाटणें मुलग्यांस शोभतें हें आतां दाखवून द्यावयाचें आहे.

येथें मर्यादाहि सांगितली पाहिजे. गोड हें रोजचें अन्न नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असा सल्ला दिला कीं, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकीं वरून घातलेल्या साखरेचा वांटा शेंकडा दहांहून कमी असावा, आणि पांचांहून कमी असल्यास अधिक चांगलें. प्रौढ माणसास हा पांचांचा हिशेब सुमारें २५ ग्रॅम पडतो, मुलांस त्याहूनहि कमी. वरील कृतींतील चार चमचे साखर सुमारें ५० ग्रॅम भरते. पांच जणांत वांटली तर प्रत्येकास १० ग्रॅम, एकट्यानें खाल्ली तर दोन दिवसांचा वांटा एका बैठकींत संपला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानेंहि २०२५ सालीं आपल्या शाळांस साखरेच्या प्रमाणाचे फलक लावण्यास सांगितलें, तें याच काळजीनें. विकतचें पीठ घेतांना त्यांत कोणतें स्निग्ध घातलें आहे तें वेष्टणावर वाचावें. कारखान्यांत तयार होणाऱ्या ट्रान्स फॅट नांवाच्या घातक स्निग्धावर आपल्या देशांत जानेवारी २०२२ पासून शेंकडा २ ची मर्यादा आहे खरी, तथापि वाचण्याची संवय सुटूं नये. पंधरा दिवसांतून एकदां, वांटून खाण्यापुरता हा खाऊ करावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.

‘मुलांस कणीक मळावयासच कां शिकवूं नये?’ असें कोणी पालक म्हणतील. अवश्य शिकवावी. पहिल्या वेळीं कणीक आईची, दुसऱ्या वेळीं पाणी मुलानें घालावें, तिसऱ्या वेळीं पीठहि त्यानेंच मोजून घ्यावें. पाणी किती घालावें, मऊ म्हणजे किती मऊ, हें शब्दांनीं सांगून कळत नाहीं. परंतु ज्या बोटांनीं चांगली मळलेली कणीक चार वेळां हाताळली आहे त्यांस पांचव्या वेळीं स्वतः मळतांना तें आपोआप समजतें. धूळपाटीवर रेघोट्या ओढूनच आपले पूर्वज अक्षर शिकले; ती धूळहि त्यांस आयतीच पसरून मिळत असे.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत एक संध्याकाळ या कामास द्या. ओटा स्वच्छ करूनच काम संपवा. भांडीं आईसाठीं ठेवून उठलां तर केलेल्या श्रमाचें पुण्य तेथेंच संपलें असें समजा. आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, पहिला घाणा वेडावांकडा झाला तरी हंसूं नये, व ‘सर तूं, मी करितें’ हे शब्द त्या संध्याकाळपुरते गिळावे. मुलगा ताटली घेऊन येईल तेव्हां पहिला तुकडा स्वतः खाऊन ‘मीठ-साखर बेताची आहे’ एवढें म्हणावें. पुढच्या वेळीं कणीक मळावयास तो स्वतःच परात मागेल.